हातपाय दुखतात, म्हणून कॅल्शियमची गोळी?

जळगाव, धुळे, अमळनेर, शहादा, कुठल्याही गावातल्या मेडिकलच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतंच: "मन्हा हातपाय दुखतस, एखादी ताकदनी गोई दे रे भाऊ." दुकानदारही फार विचारत बसत नाही. कॅल्शियमची एक स्ट्रिप कापून पुढे सरकवतो. दहा दिवस गोळ्या खाल्ल्या जातात, दुखणं जरा कमी झालंसं वाटतं किंवा वाटतही नाही, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा तीच मागणी.

यात गोंधळ दोन्हीकडून आहे. ज्यांचं अंग दुखतं त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं कॅल्शियमचं नसतं. आणि ज्यांच्या हाडांतून वर्षानुवर्षं कॅल्शियम निघून चाललंय, त्यांना बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. म्हणून दुखण्यावरून कमतरता ओळखायला गेलं की नेम चुकतो.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक ते सव्वा किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेलं एक टक्का रक्तात आणि पेशींत फिरतं, पण जिवंत राहण्यासाठी त्याचीच गरज मिनिटामिनिटाला लागते. स्नायू आखडणं-सैल होणं, नसांतून निरोप जाणं, हृदयाचे ठोके, जखम झाल्यावर रक्त गोठणं, सगळ्याला ते हवं. त्यामुळे शरीर रक्तातलं प्रमाण फार हलू देत नाही. मानेत थायरॉइड ग्रंथीच्या मागे चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्याच मोठ्या चार ग्रंथी असतात, त्यांचं नाव पॅराथायरॉइड. रक्तातलं कॅल्शियम जरासं उतरलं की त्या हार्मोन सोडतात. मग हाडं थोडं कॅल्शियम रक्तात सोडतात, मूत्रपिंडं लघवीवाटे जाणारं अडवतात, आणि ड जीवनसत्त्व कामाला लागून आतडी अन्नातलं जास्त ओढून घेतात. घरातला पिठाचा डबा रोज भरलेला दिसतो, कारण कोणीतरी मागच्या खोलीतल्या कणगीतून धान्य काढून दळून आणतंय. डबा पाहून कणगीत किती उरलं ते कळत नाही.

म्हणूनच "रिपोर्ट काढला, कॅल्शियम नॉर्मल आलं" यावर निवांत होऊ नये. रक्तात डेसिलिटरला ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या आसपास आकडा आला म्हणजे रक्ताचं भागलंय, एवढंच. हाडांची परिस्थिती वेगळी असू शकते. उलटही होतं. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनांना चिकटलेलं असतं. एखाद्याचं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, घटलेलं असेल, जसं दीर्घ आजारात, यकृताच्या त्रासात, कुपोषणात, तर आकडा कमी दिसतो, पण कामाचं मोकळं कॅल्शियम ठीक असतं. रिपोर्टच्या कागदावर लाल बाण दिसला की लगेच घाबरायचं नाही, डॉक्टरांना अल्ब्युमिनचं विचारायचं.

ज्यांच्या गोठ्यात म्हैस किंवा संकरित गाय आहे त्यांना मी जास्त सांगायची गरज नाही. व्यायल्यानंतर दोन-तीन दिवसांत चांगली दुधाळ गाय अचानक बसते, उठतच नाही, कान गार पडतात, मान एका कुशीला वळवून पडून राहते. पशुवैद्यक येतो, शिरेतून कॅल्शियमची बाटली हळूहळू सोडतो, आणि बऱ्याचदा तासा-दोन तासांत जनावर उभं राहतं. एका लिटर दुधातून एक ग्रॅमच्या वर कॅल्शियम बाहेर जातं. व्यायल्याबरोबर पंधरा-वीस लिटर दूध उतरायला लागलं की हाडांतून पुरवठा सुरू व्हायच्या आधीच रक्तातला साठा कोसळतो. गावात कॅल्शियमच्या बाटलीवर जो विश्वास आहे, तो थोडाफार इथूनच आलेला असावा असं मला वाटतं. पण बाळंतिणीचं असं होत नाही. तिच्या दुधातून दिवसाला २०० ते २५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं आणि शरीर ते तिच्या हाडांतून देतं. सहा महिन्यांत हाडांची घनता ३ ते ५ टक्क्यांनी उतरू शकते. दूध तोडल्यावर खाणं बरं असेल तर ती बहुतेक भरूनही येते. दोन बाळंतपणांत अंतर ठेवण्याचा हाही एक फायदा.

माणसाच्या रक्तातलं कॅल्शियम खरोखर उतरतं तेव्हा त्याची खूण "अशक्तपणा" नसते. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. हाताचे-पायाचे गोळे येतात. जास्त उतरलं तर पंजा आपोआप वळतो, अंगठा आत, बोटं सरळ पण एकमेकांना चिकटलेली. तान्ह्या बाळाला झटके येऊ शकतात. दवाखान्यात यासाठी एक जुनी आणि साधी तपासणी आहे. दंडाला बीपीचा पट्टा बांधून तो वरच्या बीपीपेक्षा जास्त फुगवायचा आणि तीन मिनिटं तसाच ठेवायचा. कॅल्शियम कमी असेल तर पंजा तसाच वळतो. आर्मां त्रुसो या फ्रेंच डॉक्टराने १८६१ मध्ये याचं वर्णन केलं होतं, आजही तीच वापरतात. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर, मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात, ड जीवनसत्त्व अगदी तळाला गेल्यावर हे घडतं, आणि तेव्हा मेडिकलच्या काउंटरवर नाही, थेट दवाखान्यात जायचं असतं. घाबरून भराभर श्वास घेतल्यावरही अगदी अशाच मुंग्या येतात आणि पंजे वळतात. परीक्षेच्या हॉलमध्ये, लग्नाच्या मांडवात हे पाहायला मिळतं. तिथे एकूण कॅल्शियम ठीकच असतं, श्वास शांत झाला की सगळं जागेवर येतं.

हाडांची गोष्ट वयाप्रमाणे बदलते. लहान मुलात मुडदूस. दीड वर्ष झालं तरी टाळू भरत नाही, दात उशिरा, चालणं उशिरा, मनगटं जाड, आणि चालायला लागल्यावर पाय कमानीसारखे बाहेर वाकतात. मोठ्यांत ड जीवनसत्त्व फार कमी राहिलं तर हाडं मऊ पडतात. मांड्या, कंबर, बरगड्या खोलवर ठणकतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढणं जड जातं, चाल डुलती होते. ही एक अवस्था खरोखर दुखणारी आहे. तिच्यात नुसती कॅल्शियमची गोळी फारसं काही करत नाही, कारण ड नसेल तर आतडी अन्नातल्या कॅल्शियमपैकी १०-१५ टक्केच घेतात. ड पुरेसं असलं की तेच ३०-४० टक्क्यांपर्यंत जातं.

चाळिशी-पन्नाशीनंतर मात्र गुपचूप चालणारी झीज असते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन घटतं, आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं फार वेगाने विरळ होतात. या काळात काहीही जाणवत नाही. पहिली बातमी मिळते ती मोरीत पाय घसरून हात टेकला आणि मनगट मोडलं तेव्हा. किंवा एखादी बाई तरुणपणापेक्षा चार सेंटीमीटरहून जास्त बुटकी झालेली असते, पाठीला पोक आलेला असतो, आणि घरचे "वय झालं" म्हणून सोडून देतात. तो बऱ्याचदा मणका दबल्याचा परिणाम असतो. याची खरी तपासणी डेक्सा नावाच्या स्कॅनने होते, त्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी केलेल्या तुलनेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ-ठिसूळ झाली, असं म्हणतात. शिबिरात टाच यंत्रात ठेवून "तुमची हाडं पोकळ झाली" असा जो कागद देतात, तो निदान नसतो. त्यावर विसंबून महिन्याचं औषध घरी नेऊ नका.

मग बाकीचं दुखणं कशाचं? गुडघे दुखतात ते बहुतेक सांध्याच्या झिजेमुळे. तळपायांना मुंग्या आणि आग असेल तर साखर आणि बी-१२ तपासा, शाकाहारी घरांत बी-१२ फार वेळा कमी निघतं. धाप लागून गळून जायला होत असेल तर हिमोग्लोबिन. नखांवरचे पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी, हे आपल्याकडे प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असतं, आणि ते चूक आहे. तो नखाच्या मुळाशी लागलेला जुना मार असतो. आणि नंदुरबार-धडगाव-अक्कलकुव्याकडे एक गोष्ट विसरून चालणार नाही. भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. एखाद्या पोराचे हातपाय, पाठ अचानक इतके दुखतात की ते रडून लोळतं, अधूनमधून डोळे पिवळे होतात, तर त्याला कॅल्शियमचं सरबत पाजत बसू नका. सरकारी दवाखान्यात सिकलची तपासणी होते.

आता ताट पाहू, कारण माझ्या मते मुख्य मुद्दा तिथे आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये मोठ्या माणसासाठी दिवसाचं प्रमाण १००० मिलिग्रॅम ठरवलं. आधी २०१० च्या शिफारशीत ते ६०० होतं. दूध पाजणाऱ्या आईला आणि पाळी गेलेल्या बाईला १२००. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीलाही पूर्ण १००० लागतं, कारण हाडांची बहुतेक भर अठरा-वीस वर्षांपर्यंतच पडते. नंतर फारशी भर घालता येत नाही, आहे ते राखता येतं.

शेतावर जाणाऱ्या बाईचा साधा दिवस धरा. ज्वारीच्या चार भाकरी, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम पीठ: ७५-८० मिलिग्रॅम. वाटीभर डाळ: २५-३०. वांग्याचं भरीत: वीसेक. शेंगदाण्याची चटणी: पंधरा. दोन वेळचा चहा, त्यातलं दूध मिळून शंभर मिलिलिटर: १२०. बेरीज २६० च्या आसपास. भाकरी चांगली, पोटभरीची, लोह आणि तंतू देणारी, पण कॅल्शियमच्या बाबतीत ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ सगळेच गरीब. गोठ्यात दोन म्हशी असूनही हीच बेरीज निघते, कारण सकाळचं दूध किटलीत भरून डेअरीवर जातं आणि घरात चहापुरतं राहतं. म्हशीच्या मालकिणीच्याच ताटात दूध नाही, हे खानदेशात इतकं नेहमीचं आहे की कुणाला खटकतही नाही. पैसा लागतो हे खरं. तरी रोज पाव-अर्धा लिटर घरात ठेवून त्याचं दही लावलं, तर डेअरीच्या बिलात फार मोठा खड्डा पडत नाही.

याच ताटात काय वाढवलं तर हजार होतात? ३०० मिलिलिटर दूध किंवा तेवढं दही: ३५०-३६०. दोन चमचे तीळ, भाजून चटणीत किंवा भाकरीला लावून, १५-२० ग्रॅम: दोनशेच्या आसपास, अर्थात सालातल्या ऑक्झॅलेटमुळे, म्हणजे कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या पदार्थामुळे, त्यातलं सगळं अंगी लागत नाही. मेथी, पोकळा, राजगिऱ्याचा पाला किंवा शेवग्याचा पाला, निवडलेली शंभर ग्रॅम भाजी: साधारण २७० ते ३३०. झालं. हजाराच्या पुढे गेलो, आणि एकही डबा विकत घेतला नाही.

शेवग्याचं वेगळं सांगायला हवं. बांधावर झाड असतं, शेंगा आपण आवडीने आमटीत टाकतो, आणि पाला शेळीपुढे. शेंगेत शंभर ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या आसपास, पाल्यात तीनशेच्या वर. शेळी आपल्यापेक्षा चांगलं खाते. कोवळा पाला ओरबाडून, मुगाची डाळ आणि लसूण घालून परतला की कडवटपणा जातो. पीठ मळतानाही मूठभर घालता येतो. पालकाचं मात्र नाव मोठं. कॅल्शियम असतं, पण ऑक्झॅलेटने बांधलेलं, शंभरातलं पाचेक टक्के अंगी लागतं. पालक खा, पण कॅल्शियमसाठी म्हणून नको. चिवळ-घोळ यांचंही थोडं तसंच.

सातपुड्यात नागलीची भाकरी अजून आहे. शंभर ग्रॅम पिठात ३४० ते ३६०, ज्वारीच्या बारा-तेरापट. सपाटीवर नागली उन्हाळ्यातल्या पापडांपुरती उरली आहे, आणि पापडात पीठ थोडं, मीठ जास्त. आठवड्यातून तीनदा एक वेळ नागलीची भाकरी, किंवा मुलांना सकाळी नागलीची दुधातली पेज, एवढं सहज होतं. आमचा अभिमान असलेली केळी? भौगोलिक मानांकन मिळालेलं, रावेर-यावलच्या मळ्यांतलं ते केळं हाडांसाठी म्हणून कुणी खाऊ घालत असेल तर सांगा, त्यात शंभर ग्रॅमला १० मिलिग्रॅमसुद्धा कॅल्शियम नसतं. पोटॅशियम भरपूर, म्हणून चांगलं फळ. दुधात कुस्करून खाल्लं तर कॅल्शियम दुधाचं.

चुन्याबद्दलचे व्हॉट्सअॅपवरचे निरोप तुम्हालाही आले असतील. गव्हाच्या दाण्याएवढ्या ओल्या चुन्यात वीस मिलिग्रॅमच्याही आत कॅल्शियम असतं. अर्ध्या कप चहाच्या दुधातून त्याहून जास्त मिळतं. चुना दाहक आहे, तोंडाची कातडी सोलतो, आणि चुन्याची पुडी फुटून लहान मुलाच्या डोळ्यात उडाली तर डोळा जाऊ शकतो. तसं झालंच तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धुवत राहा आणि मग दवाखान्यात पळा. बोअरचं जड पाणी मात्र थोडी मदत करतं. हंड्याच्या बुडाला, गिझरच्या कॉइलला जो पांढरा खडखडीत थर बसतो त्यात बराच भाग कॅल्शियमचाच. पिण्याच्या पाण्यात लिटरला ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम असावं असं भारतीय मानक सांगतं, दुसरं पाणी नसेल तर २०० पर्यंत चालतं. आरओ लावला की ते जातं. म्हणून आरओ काढा असं नाही, फक्त ते गेलंय हे ध्यानात असू द्या.

आणि ऊन. भुसावळला मे महिन्यात ४५ अंश असतं, तिथे ड जीवनसत्त्व कमी कसं, असं लोक हसून विचारतात. कापूस वेचायला जाणारी बाई आठवा: साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला रुमाल, डोळे तेवढे उघडे. दिवसभर उन्हात आणि कातडीला ऊन लागतच नाही. शहरातली स्कूटीवरची मुलगीही अशीच गुंडाळलेली. बाकीचे घरात, दुकानात, कुलरपुढे. काचेतून येणाऱ्या उन्हाने ड तयार होत नाही, कारण त्याला लागणारे किरण काच अडवते. सकाळी सातचं कोवळं ऊन अंगाला छान वाटतं, पण त्यातही ते किरण फार थोडे असतात. ओळखायची खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा काम होतं. मेमध्ये आपल्याकडे सकाळी साडेनऊलाच सावली आखूड झालेली असते, म्हणजे ऊन तापायच्या आत हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं पुरतात. डिसेंबरात मात्र दुपारी साडेबाराच्या सुमारास ती जेमतेम उंचीएवढी होते, तेव्हा थंडीत उन्हाला बसायचं ते दुपारी. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. तान्ह्या बाळाला उन्हात शेकत ठेवायचं नाही, आईच्या दुधात ड फार कमी असतं म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटचे थेंब सांगतात.

मुतखड्याच्या भीतीने दूध सोडणारे आपल्याकडे खूप. उन्हाचा पट्टा, घाम जास्त, पाणी कमी, त्यामुळे खडे होतात हे खरं. पण बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात, आणि जेवणातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झॅलेटला पकडून बाहेर नेतं. ते बंद केलं तर ऑक्झॅलेट जास्त शोषलं जाऊन खड्यांना उलट चालना मिळते. कमी करायचं ते मीठ. शेवभाजीवर वरून शेव, बाजूला पापड, लोणचं: मीठ जितकं जास्त तितकं लघवीवाटे कॅल्शियम जास्त जातं. मिसरी आणि विडीही हाडांच्या मुळावर आहेत.

गोळी घ्यायचीच असेल तर नीट घ्या. पाकिटावर १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेलं असतं, त्यात खरं कॅल्शियम ५००. एका वेळी त्याहून जास्त शरीर नीट घेत नाही. कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं, उपाशीपोटी नाही. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत सरकारी दवाखान्यातून अशा दोन गोळ्या रोजच्या मिळतात, सोबत लोहाची लाल गोळी. आशाताई दोन्ही एकाच पिशवीत देतात आणि घरी त्या एकाच घोटाबरोबर घेतल्या जातात. मग कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. सकाळच्या आणि दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, आणि लोह रात्री झोपताना, असं वाटून घ्यावं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार तास जाऊ द्यावेत.

शिरेतून दिलं जाणारं "गरम इंजेक्शन" मागू नका. अंगात ऊब पसरते ती औषधाच्या स्वभावामुळे, ताकद आल्यामुळे नाही, आणि भराभर दिलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. ते पंजे वळलेल्या, झटके येणाऱ्या रुग्णासाठी आहे. ड ची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, असं सांगितलेलं असतं. कागद हरवतो आणि पुडी वर्षभर चालू राहते. तहान फार, पोट साफ नाही, ओकाऱ्या, लघवी सारखी, असं होऊ लागलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. पुडी बंद करून ते तपासून घ्या, आणि डॉक्टरांकडे जाताना घरातल्या रिकाम्या पाकिटांसह सगळी औषधं सोबत न्या.